म्हैस आटली तेव्हाची थाप

माझी आई डॉक्टर होती. कुटुंबनियोजन सांगत आंदर मावळातल्या वाड्यांवर पायी हिंडणारी ती पहिलीच बाई. "दोन पुरेत," हे तिने इतक्या उंबऱ्यांवर सांगितलं होतं की तिच्या स्वतःच्या घरात तिसरं मूल असणं तिला मुळीच शोभत नव्हतं. ते तिसरं मूल म्हणजे मी.

याचा खुलासा ती हसत हसत करायची, "लोकांना गोळ्या वाटता वाटता माझीच घ्यायची राहिली." पाहुणे हसायचे. दादा आणि ताई जरा जास्तच हसायचे. मीही हसून पुस्तक घेऊन आतल्या खोलीत जायचे. खरंच राहिली होती का, हे माझी पन्नाशी उलटली तरी मी तिला विचारलं नाही. आता ती गेली, आणि ते विचारायचं कायमचं राहून गेलं.

बाराव्याला लोणावळ्याच्या घरी आंदर मावळातून एक म्हातारी आली. बरोबर इंद्रायणी तांदळाची पिशवी. टेकल्या टेकल्या तिने मला निरखलं.

"तिसरी तूच न्हवं?"

"हो मावशी. चुकून झालेली."

"चुकून तर माजी पोर झाली!" म्हातारी म्हणाली. "तुजी आई म्हनली, सकाळी म्हशीची धार काढली की गोळी घ्यायची, म्हंजी इसरायची न्हाईस. मी एक दिस चुकले न्हाई. मंग म्हैस आटली. धार बंद, म्हून मी गोळी बी बंद केली."

भेटायला आलेली माणसं माना खाली घालून हसू दाबू लागली.

"सासू लय बोलली. बाया फिदीफिदी हसायच्या. मी पान्याला बी भाईर पडंना. तवा तुजी आई आली, ती बी पोटुशी. समद्यांम्होरं म्हनली, हिला काय हसता? मी डॉक्टर असून इसरले! तवापास्नं मला कुनी हसलं न्हाई. तिलाच हसायच्या."

"म्हणजे विसरलीच होती," मी म्हणाले.

"कशाची इसरतीया! तू झाल्यावर मला कानात म्हनली, थाप मारली गं. मला तिसरं हवंच हुतं. पन बोलू नगंस कुटं, न्हाईतर माजं दोनाचं कोन ऐकंल?" म्हातारीने पदराने डोळे टिपले. "आजवर न्हाई बोलले."

वाडीवर मारलेली थाप आईने घरीही तशीच चालवली होती, माझ्या जिवावर. भांडायला आता ती समोर नव्हती. दादा आणि ताई मात्र स्वयंपाकघरात होते. मी दोघांनाही हाक मारली, म्हातारीसमोर बसवलं.

"मावशी," मी म्हटलं, "पुन्हा एकदा सांगा. म्हशीपासून."