दुसऱ्या रांगेतला टेनर

आमोस त्रिभुवन श्रीरामपूरचा. जन्म १९८२. वडील साखर कारखान्यात फिटर होते. तो नववीत असताना वारले. आई गोजरबाई एका दवाखान्यात आया होत्या. थोरली बहीण सुकन्या. त्यांचं आणि माझं घर एकाच गल्लीत आणि चर्चही एकच. चर्चच्या कॉयरमध्ये मी बेसमध्ये, म्हणजे खालच्या आवाजात गायचो. आमोस सोळाव्या वर्षी टेनरमध्ये, पुरुषांच्या उंच आवाजात आला. पहिल्याच नाताळात त्याचा आवाज बाकीच्या पाच टेनरांच्या वरून निघून गेला. पाळकसाहेबांनी त्याला हळू गायला सांगितलं.

२००६ साली आमच्या कॉयरला जर्मनीतल्या एका चर्चचं बोलावणं आलं. अकरा जण गेले, दहा परत आले. तिथल्या एका गायनशिक्षकाने आमोसला ठेवून घेतलं. पाच वर्षं तो संगीत विद्यालयात शिकला, पहाटे बेकरीत राबला आणि २०११ मध्ये एका मध्यम शहरातल्या ऑपेरात नोकरीला लागला. ऑपेरा म्हणजे पूर्ण गाऊन केलेलं नाटक. माईक नसतो, शेवटच्या खुर्चीपर्यंत आवाज गळ्यानेच पोचवायचा.

इथे चर्चच्या फाटकावर फलक लागला, "जागतिक कीर्तीचे गायक". प्रत्यक्षात तो बत्तीस जणांच्या समूहात, दुसऱ्या रांगेत डावीकडे उभा राहायचा. कधी सैनिक, कधी शेतकरी, कधी कैदी. हे त्याने लपवलं नव्हतं. आम्ही विचारलं नव्हतं.

एकदा सुकन्या आईला मोबाईलवर त्याचं नाटक दाखवत होती. मी तिथेच होतो.

"यातला माजा कंचा?"

सुकन्याने चित्र थांबवून बोट ठेवलं. "हा बघ, दाढीवाला."

"माज्या लेकराला दाढी कशाला चिकटवली? मिळंना का तितं दाढीवाली मानसं?" मग चष्मा काढून म्हणाल्या, "आन् ह्यो येकला कवा गानार?"

फोनवर मात्र त्या त्याला एकच गोष्ट सांगायच्या. "माज्या मातीला तूच गा. बाकी मला तुजं काय बी नगं."

आमच्याकडे माती देताना पेटी-तबला नेत नाहीत. घरचा माणूस निरोपाचं गीत सुरू करतो आणि खड्डा पूर्ण भरेपर्यंत ते थांबवायचं नसतं. कडवी संपली की पुन्हा पहिल्यापासून. सुरू करणाऱ्याने जी पट्टी धरली, तीच सगळ्यांनी धरायची.

त्या ऑपेरात पंधरा वर्षं भरली की माणूस कायम होत असे. चौदाव्या वर्षी, २०२४ च्या ऑक्टोबरात, आमोसला पत्र मिळालं: पुढच्या हंगामापासून आपली गरज नाही. त्रेचाळिसाव्या वर्षात समूहातल्या टेनरला दुसरीकडे कोण घेणार? चार ठिकाणी आवाज ऐकवून झाला, चारही ठिकाणी नकार. पाचव्या ठिकाणची परीक्षा १२ मे २०२५ ला ठरली. तिच्या तयारीत त्याने गळा इतका ताणला, की मार्चअखेर स्वरतंतूतून रक्त आलं. सहा आठवडे गायचं नाही, बोलणंही कमी, असं डॉक्टरांनी बजावलं. आता ताण पडला तर आवाज पूर्वीसारखा होईल याची खात्री देता येणार नाही, असंही सांगितलं.

१४ एप्रिलला गोजरबाई गेल्या. झोपेतच.

देह शीतपेटीत ठेवला. सोळा तारखेला मी आमोसला आणायला पुण्याच्या विमानतळावर गेलो. गाडीत त्याने हे सगळं मला सांगितलं, अगदी हलक्या आवाजात, मध्येमध्ये पाणी पीत.

"सुकन्याला माहीत आहे?"

"नाही. कुणालाच नाही. काका, उद्या गीत तुम्ही सुरू करा. मी नुसते ओठ हलवीन. आईला कळणार नाही."

"करतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी चार वाजता दफनभूमीत पाय ठेवायला जागा नव्हती. बेलापूर, राहुरीपासून माणसं आली होती. ऊन होतं, वारा होता, उकरलेल्या मातीची धूळ सगळ्यांच्या डोळ्यांत जात होती. शवपेटी खाली उतरली. आमोसने पहिली मूठ टाकली. मी गळा साफ केला, तेवढ्यात पाळकसाहेब मोठ्याने म्हणाले, "आमोस, बाळा, सुरू कर."

आमोसने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झालो, तर त्याची मावशी छबूबाई मला हाताने मागे सारत म्हणाली, "तुमी नगा मदी येऊ, भाऊ. लई वाट बगितली तिनं. गा रं माज्या लेकरा!"

तो गायला लागला.

सूर द्यायला पेटी नव्हती आणि गळ्याला ऑपेराची सवय. आम्ही धरतो त्यापेक्षा चार पट्ट्या वरून त्याने सुरुवात केली. पहिल्या कडव्यात तीनशे माणसं होती. दुसऱ्यात पुरुष गळले. तिसऱ्यात बायकांचे आवाज फाटू लागले आणि एकेक करून थांबले. मग सगळा जमाव नुसता ऐकत उभा राहिला. कुणीतरी मोबाईल वर धरला. फावडी चालत होती, खड्डा अर्धाही भरला नव्हता.

पट्टी खाली घ्यायला एका माणसाने मोठ्याने खालच्या सुरात गीत उचललं असतं तरी पुरलं असतं. तीनशे माणसं मागून आली असती आणि आमोसला थांबता आलं असतं. ते जमण्यासारखा माणूस तिथे मी होतो, आणि कारणही मलाच माहीत होतं. पण आईच्या मातीला मुलाने लावलेला सूर मोडायचा, तोही जर्मनीच्या गायकाचा, हे मला जमलं नाही.

चौदा वर्षं बत्तीस जणांत गायलेला तो माणूस जवळजवळ वीस मिनिटं एकटा गायला. दुसऱ्या फेरीत वरच्या सुरावर आवाज चिरला. तो तसाच पुढे गेला. शेवटी फक्त हवा येत होती, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. लोकांना वाटलं, रडू आलं. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. माती सपाट झाली तेव्हा तो थांबला आणि रुमालात थुंकला. रुमाल लाल होता.

बारा मेच्या परीक्षेला तो गेला. दोन मिनिटांच्या आत परीक्षकांनी आभार मानून त्याला थांबवलं.

आता तो त्याच शहरात एका वृद्धाश्रमात कामाला आहे. इकडे येत नाही. गेल्या महिन्यात माझा फोन लागला. आवाज खरखरीत, ऐकू यायला मोबाईल कानाशी दाबावा लागला. तब्येत, हवापाणी झालं. मग त्याने न रागावता विचारलं, "काका, त्या दिवशी तुम्ही पट्टी खाली का नाही घेतली?"

"तू लावलेला सूर होता. तुझा मान राखला."

पलीकडे कुठेतरी घंटी वाजत होती.

"ठेवतो, काका," तो म्हणाला. "एका आजोबांना कूस बदलून द्यायचीय."