गेटच्या आत मावशी

मैत्रिणींनो, दुपारपासून डोळ्यांचं पाणी थांबत नाही, म्हणून इथं लिहितेय.

माझी आई माझ्याच कॉन्व्हेंटमध्ये आया होती. वैजापूरकडची, लिहिता-वाचता न येणारी. शाळा सुटली की ती चार घरची भांडी घासायची. रोज बुद्धवंदना झाल्यावर मात्र ठामपणे म्हणायची, "माझी लेक याच शाळेत टीचर व्हईल."

शाळेच्या पहिल्याच दिवशी तिनं मला बजावलं होतं, "गेटच्या आत मला आई म्हणायचं नाय. सगळ्या पोरी म्हणतात तसं मावशी म्हण, नायतर चिडवतील तुला." दहा वर्षं मी तसंच म्हटलं. एकदा मैदानात गुडघा फुटला, तेव्हाही रडत "मावशी" अशीच हाक मारली.

पुढं मी त्याच शाळेत टीचर झाले. आता निवृत्तही झालेय. आईला हल्ली माणसं ओळखू येत नाहीत. आज तिला वरण-भात भरवत होते, तर ती एकदम अदबीनं म्हणाली, "टीचर, माझी पोर तुमच्याच वर्गात हाये. लई हुशार हाये. मला मावशी म्हणते, तिला रागवू नका. मीच शिकवलंय तसं."

मी तिचा हात धरला. "आई, मीच गं ती."

तिनं घाबरून दाराकडं पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल! शाळा सुटू दे."

शाळा कधीचीच सुटली, हे तिला कसं सांगू? तुम्ही काय केलं असतं?