रिकाम्या टँकरची नारिंगी पाटी

टँकरच्या नाकावर आणि पाठीवर जी नारिंगी पाटी असते, तिच्यावर दोन आकडे असतात. खालचा आत काय आहे ते सांगतो, वरचा ते काय करू शकते ते. ॲसिटोनसाठी खाली १०९०, वर ३३. तीन म्हणजे पेट घेणारा द्रव. तीन दोनदा लिहिला की चटकन पेट घेणारा. इतक्या कमी जागेत इतके सांगणारी लिपी मी दुसरी पाहिलेली नाही. उत्तर जर्मनीतल्या ज्या रंगांच्या कारखान्यात मी नोकरी करते, तिथे ती वाचणे हेच माझे काम आहे. पदनाम लांबलचक आहे. अर्थ एवढाच, की धोकादायक माल नियमाप्रमाणे आत येतो आणि बाहेर जातो की नाही, हे पाहणे माझ्या शिरावर.

त्या शुक्रवारी माझा प्रोबेत्साइट, म्हणजे नोकरी कायम होण्याआधीचा परीक्षेचा काळ, अजून संपलेला नव्हता. सासरे पनवेलहून आमच्याकडे आले होते. त्यांनी हयातभर तिथे ट्रान्सपोर्टचे ऑफिस चालवले, त्यामुळे माझा कारखाना निदान फाटकातून तरी पाहायचा, असा त्यांचा हट्ट. बसने येऊन ते फाटकाजवळच्या पाहुण्यांच्या बाकावर बसले होते. काम आटोपले की आम्ही बरोबरच घरी जाणार होतो.

तेवढ्यात ॲसिटोन उतरवून झालेला एक टँकर फाटकाशी थांबला. चालक पन्नाशीचा, नदीपलीकडच्या एका गावचा.

“फ्राऊ डॉक्टर,” तो म्हणाला. फ्राऊ म्हणजे बाई; डॉक्टरेट मी केलेली नाही, आणि ते त्याला ठाऊक होते. “टाकी रिकामी आहे. पाट्या दुमडून मिटवू का?”

“धुतली?”

“धुवायचं केंद्र दुपारीच बंद झालं.”

“मग नाही.”

त्याने कारण सांगितले. पाटीवाल्या टँकरला नदीखालचा बोगदा दिवसा बंद असतो. पुलावरून वळसा घालायचा, तर शुक्रवारच्या गर्दीत त्याचे गाडी चालवण्याचे कायदेशीर तास वाटेतच संपणार आणि मुक्काम महामार्गावरच्या पार्किंगमध्ये पडणार. आणि आज संध्याकाळी त्याच्या मुलीचे होणारे सासू-सासरे पहिल्यांदाच घरी येणार होते.

“काय म्हणतोय गं तो?” सासऱ्यांनी विचारले. मी सांगितले. ते बाकावरून उठलेच.

“व्याही दारात आणि मुलीचा बाप पार्किंगमध्ये? अगं, सोड की त्याला. खाली गाडीला कसली आलीय पाटी?”

“बाबा, रिकामी आहे म्हणूनच धोका जास्त. भरलेल्या टाकीत हवेला फारशी जागाच नसते. आता आत वाफ आहे आणि हवाही आहे. फक्त ठिणगी यायची बाकी.”

“आमच्याकडच्या खाली गाड्या बिनपाटीच्याच रोज घाट उतरायच्या.”

“उतरायच्या ना. आणि एखादी उलटली की बघ्यांची गर्दी तिला खेटून उभी असायची.”

चालक आमच्याकडे आळीपाळीने पाहत होता.

“हे तुमचे वडील?”

“सासरे.”

“माझ्या बाजूचे दिसतात.”

“पूर्णपणे.”

पाट्या मिटवल्या असत्या तर बहुधा कोणीही त्याला अडवले नसते. पण पाटी पोलिसांसाठी नसते. ती अशा अग्निशामक जवानासाठी असते, ज्याला बेशुद्ध चालकाला काहीही विचारता येणार नाही. एका बाजूला जवळजवळ न घडणारा अपघात होता, दुसऱ्या बाजूला नक्की घडणारे दुःख. मी शिकलेल्या गणितात या दोहोंची तुलना कागदावर करता येते. समोर माणूस उभा असताना ती फार क्रूर वाटते.

मग मी प्रश्नच बदलून पाहिला. “घरी कोण पोहोचायला हवं? तुम्ही की टाकी?”

ट्रेलर इथेच सोडायचा आणि पुढचे इंजिन घेऊन निघायचे. टाकी मागे नसेल, तर बोगदा त्याला मोकळा.

“घोडा सोडतेस होय!” सासरे खूश झाले. पनवेलला ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या भागाला घोडाच म्हणतात.

चालकाच्या कंपनीने कुरकुरत होकार दिला. पण न धुतलेली टाकी शनिवार-रविवार आवारात ठेवायची, तर सुरक्षाप्रमुखांची परवानगी हवी होती. मी फोन लावला.

“जबाबदारी कोणाची?” त्यांनी विचारले.

“माझी.”

“तुमचा प्रोबेत्साइट चालू आहे ना?”

“हो.”

“इमारतींपासून लांब, कुंपणाच्या कोपऱ्यात लावा. आणि दोन्ही दिवस स्वतः येऊन बघा.”

ट्रेलरवरच्या पाट्या तशाच राहिल्या. घोड्याच्या नाकावरची मात्र मिटवावी लागली, कारण धोका नसताना पाटी मिरवणेही नियमाबाहेर आहे. ते मला फार शहाणपणाचे वाटते. विनाकारण दिलेल्या इशाऱ्यांनीच खरे इशारे निकामी होतात.

शनिवार-रविवारी समुद्रावर जायचा आमचा बेत बारगळला. दोन्ही दिवस सासरे माझ्याबरोबर कारखान्यापर्यंत आले. मी आत टाकीच्या झडपा तपासत होते तेव्हा ते कुंपणाबाहेर हात मागे बांधून उभे होते. त्यांनी तक्रार केली नाही. फक्त सोमवारी मी निघताना बजावले, “व्याह्यांचं काय झालं, त्याला विचार हं.”

सोमवारी चालक ट्रेलर न्यायला आला. मी विचारले.

“ते माझ्याआधीच पोहोचले होते,” तो म्हणाला. “मी आल्याशिवाय जेवायला बसेनात. अंगणात उभे. जावयाच्या वडिलांनी माझी गाडी पाहिली आणि म्हणाले, अर्धीच आणलीत?”

मी लगेच घरी फोन करून हे सांगितले. सासरे मनसोक्त हसले.

“आणि मुलगी? पसंत पडली ना त्यांना?”

“ते मी नाही विचारलं. बाबा, इथे तसं नसतं.”

“नसतं कसं?” ते म्हणाले. “मग तो एवढा कासावीस का झाला होता?”