घोट्यातला पाहुणा

शनिवार पेठेतल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात त्या रोज माझ्या शेजारी बसत. नाव मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. पन्नाशीच्या असतील. येरवड्याला घरी ब्लाउज शिवायच्या. नंबर येईपर्यंत त्यांचा उजवा पाय, जणू खाली शिलाई मशीनच आहे असा, फरशीवर चालू असे. टाच, चवडा, टाच, चवडा. दुखलं की त्या डोळे मिटत, पण पाय थांबवत नसत.

घोटा मोडला तेव्हा डॉक्टरांनी त्यात मॅग्नेशियमचा स्क्रू बसवला होता. हाड जुळून आलं की तो हळूहळू आतच विरघळतो, काढायला पुन्हा ऑपरेशन लागत नाही.

"पाहुणा आहे तो," त्या म्हणाल्या. "तो जायच्या आत हाडानं आपलं काम शिकून घ्यायला हवं."

"मशीनला मोटर बसवून घ्या की," मी शहाणपणा केला.

"मुलीनं बसवली होती. इथल्या मॅडमना विचारून मीच काढायला लावली. स्क्रू जाईल हो, पण मोटर कुठं विरघळतेय? ती असली की पाय आयताच बसून राहणार."

मग त्यांची नजर माझा हात अडकवलेल्या गळ्यातल्या झोळीवर गेली. मनगटाचं प्लास्टर निघालं होतं. झोळी काढा, असं डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं, पण मला तिच्यात बरं वाटायचं.

"अहो, आणि ही?" त्यांनी शांतपणे विचारलं. "हीसुद्धा आपोआप विरघळणार आहे का?"

मी त्याच दुखऱ्या हातानं गाठ सोडू लागलो. बराच वेळ लागला. त्यांनी मदत केली नाही. त्यांचा पाय चालूच होता.