वहिनीची चारशे अंडी

माझ्या शिलाईच्या दुकानात एक ट्रायल रूम आहे. पडदा, आरसा, खुंटी आणि एक स्टूल. गेलं वर्षभर त्या खोलीत पँटींपेक्षा अंडीच जास्त तपासली गेली आहेत आणि हा सगळा उद्योग माझ्या थोरल्या वहिनीचा. गिऱ्हाईक हातात पँट घेऊन बाहेर उभं असतं आणि आतून आवाज येतो, "थांबा हो जरा, अठ्ठावीसच राहिलीत!"

अंड्यामागे बॅटरी धरली की आतलं दिसतं. बारीक तडा आहे का, रक्ताचा ठिपका आहे का, अंडं ताजं आहे की शिळं. त्यासाठी अंधार लागतो, आणि वहिनीच्या मते अख्ख्या वस्तीत माझ्या ट्रायल रूमइतका चांगला अंधार दुसरीकडे नाही. माझं मत तिने विचारलं नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होतो, अर्ध्या चड्डीत. तेव्हापासून माझं मत विचारायची पद्धत आमच्या घरात नाही.

वहिनी तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होती. निवृत्त झाली त्या दिवशी दादा म्हणाला, "आता आराम कर." ती "हो" म्हणाली आणि पुढच्याच आठवड्यात बर्फाचा डबा काखेत मारून बाहेर पडली. आमची वस्ती गावाच्या टोकाला, घरटी आठ-दहा कोंबड्या. दरवर्षी मानमोडीचा रोग यायचा आणि निम्मी खुराडी रिकामी करून जायचा. बायका म्हणायच्या, कोंबडी काय, आज आहे उद्या नाही. वहिनीने दारोदार फिरून एकेका कोंबडीच्या डोळ्यात लसीचा थेंब टाकला. पाणी रोज बदला, दाण्यात शिंपल्यांचा चुरा घाला, खुराड्यावर सावली करा, असं सांगून सांगून लोकांचं डोकं खाल्लं. वर्षभरात कोंबड्या जगल्या, आणि अंडी इतकी झाली की लोक रस्त्यात भेटल्यावर "कसे आहात" विचारायच्या आधी "अंडी हवीत का" विचारायला लागले.

दुसऱ्या बाजूने शहर वाढत वाढत आमच्या दारापर्यंत आलं होतं. मोठं हॉस्पिटल झालं, मुलामुलींची दोन वसतिगृहं झाली. खाणारी तोंडं वाढली, पण अंडी मात्र लांबून ट्रकने यायची, त्यातली बरीचशी फुटलेली, आणि तरीही पुरायची नाहीत. वहिनी सरळ हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. तिथल्या मुख्य आचाऱ्याला सगळे वस्ताद म्हणतात. तो म्हणाला, "बाई, चाळीस घरची अंडी म्हणजे चाळीस तऱ्हा. माल खराब निघाला तर मान कुणाची पकडू?"

"माझी पकडा," वहिनी म्हणाली.

ठरलं असं: आठवड्याला चारशे अंडी, घरटी दहा. दोन महिने वस्ताद पारखणार, मग कायमचं काय ते सांगणार. त्याची पद्धत अशी की प्रत्येक अंडं आधी छोट्या वाटीत फोडायचं, बघायचं, हुंगायचं, मगच मोठ्या पातेल्यात. एका खेपेत पाच खराब निघाली की कारभार बंद. अंडं कुणाचं हे कळावं म्हणून वहिनीने प्रत्येक घराला पेन्सिलीने काढायची एकेक खूण दिली. कुणाचं पान, कुणाचा मासा, कुणाची छत्री. इस्त्रीवालीने हौसेने हत्ती मागून घेतला. तिचा हत्ती बटाट्यासारखा दिसतो. वस्ताद त्या घरच्या अंड्यांना बटाटाच म्हणायचा.

सात आठवडे एकही अंडं नासकं निघालं नाही. लोकांनी नवी खुराडी बांधली. वहिनीला मात्र धाकधूक होती. ती म्हणायची, "भावजी, लहान माणसांचा माल म्हणजे बेभरवशाचा, हे मी तीस वर्षं ऐकत आलेय. एकदा तरी ते खोटं पाडायचंय मला."

आणि आठव्या, म्हणजे शेवटच्या आठवड्यात तिच्या लेकीला मुलगी झाली. वहिनी दोन दिवसांसाठी तिकडे गेली. जाताना मला म्हणाली, "अंडी जरा मळकी यायला लागलीत. घरट्यातलं गवत बदलायला सांगा सगळ्यांना. अंडी स्वच्छ हवीत म्हणावं."

मी शिंपी माणूस. कपडा मळका असला तर धुवायचा, इस्त्री मारायची, द्यायचा. गवत बदला, मग कोंबडी बसणार, मग स्वच्छ अंडं येणार, हा द्राविडी प्राणायाम हवाय कशाला? मी मशीनवर बसल्या बसल्या उंटावरून शेळ्या हाकल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं, "वहिनीचा निरोप आहे. अंडी स्वच्छ धुऊन आणा."

वहिनीचा निरोप म्हटल्यावर काय! कुणी साबण लावला, कुणी काथ्याने घासली. इस्त्रीवालीने दात घासायचा नवा ब्रश काढला. अंडी अशी लखलखीत आली की मीच खूश झालो. टेम्पोत घालून स्वतः पोचवली. वस्तादही खूश. म्हणाला, "हे झालं काम! आठवडा निघेल यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी परतली. मी माझ्या न्याहारीसाठी एक बटाटावालं अंडं इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं होतं. तिने ते उचललं, अंगठा फिरवला आणि विचारलं, "हे कुणी धुतलं?"

"सगळ्यांनीच," मी छाती फुगवून म्हणालो.

ती स्टुलावर बसली. मग तिने समजावलं. अंड्यावर एक पातळ थर असतो, डोळ्यांना न दिसणारा. तो धुतला गेला की कवचाची बारीक भोकं उघडी पडतात आणि घाण आत शिरते. "त्यात हे उन्हाळ्याचे दिवस. चार दिवसांत नासायला लागतील."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तरी म्हणालो, "नाहीही नासणार कदाचित. आपण कशाला आपणहून सांगायचं?"

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, भावजी. तिथे आजारी माणसं जेवतात. उठा."

"मी कशाला?"

"धुवायला कुणी सांगितलं होतं?"

स्वयंपाकघरात वहिनीने एका दमात सगळं सांगितलं आणि म्हणाली, "चूक माझी. मी नीट सांगून गेले नाही." वर्षानुवर्षं मी या बाईवर कुरकुर करत आलोय, पण तेव्हा मला माझीच लाज वाटली. मी म्हणालो, "ती नीटच सांगून गेली होती. अतिशहाणपणा माझा." वस्तादने फळीवरच्या अंड्यांकडे बघितलं. तीनशे साठ शिल्लक होती.

"आज खाल्ली तर?"

"आज चांगली आहेत. पण आजच संपवा, आणि पूर्ण उकडून."

त्याने फळ्यावरचा दोन्ही वेळचा बेत पुसून टाकला. "चला, सोलायला बसा!" तो माझ्याकडे बघून ओरडला. सुईने कधी न दुखलेली माझी बोटं त्या दिवशी दुखली. डॉक्टरांनी अंडी खाल्ली, नर्सबाईंनी खाल्ली, लिफ्टवाल्याने तर तीन खाल्ली. वहिनी शेजारी बसून सोलत होती. एकदाच म्हणाली, "संपलं आपलं."

पुढचे दोन दिवस मी चाळीस दारं पायी फिरलो आणि कान पकडून चूक कबूल केली. इस्त्रीवाली म्हणाली, "म्हणजे माझा ब्रश फुकट गेला म्हणायचा!" गवत मात्र सगळ्यांनी बदललं.

ठरल्या दिवशी आम्ही अंडी घेऊन गेलो. न धुतलेली, जशी घरट्यातून आली तशी. घेतील की परत पाठवतील, कळत नव्हतं. वस्तादने सवयीने वाटी पुढे ओढली, एक अंडं उचललं, त्यावरचा बटाटा बघून हसला. मग वाटी बाजूला सरकवली आणि अंडं थेट मोठ्या पातेल्यात फोडलं. दुसरंही तसंच. तिसरंही.

वहिनीने विचारलं, "वस्ताद, वाटी?"

"वीस वर्षं माल घेतोय, बाई. खराब निघाल्यावर भांडायला सगळे येतात. खराब व्हायच्या आधी सांगायला आजवर कुणी आलं नव्हतं. पुढच्या आठवड्यापासून आठशे पाठवा."

वहिनी बाहेर टेम्पोपाशी आली आणि पदराने डोळे पुसत मनसोक्त रडली. माझेही डोळे भरून आले, ते मी लपवलं नाही.

मग नाक पुसून ती म्हणाली, "आठशे म्हणजे अजून चाळीस घरं लागतील. पहिलं तुमचं. तुमची खूण कात्री. आणि भावजी, पाण्याची बादली खुराड्यापासून लांब ठेवायची."