मुळाला खाली कळतं

समोर आलेली वस्तू आमचे विज्ञानाचे सर आधी उलटी करून बघायचे. रिकामी कपबशी, डस्टर, एकदा तर मुख्याध्यापकांची टोपी. "उलटं केल्याशिवाय कळत न्हाई," म्हणायचे. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि पाण्याचे हाल होते. मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो, सरांच्या शेजारीच राहायचो. सर बरणीत ओल्या कापसावर हरभरे रुजवत. मूळ खाली गेलं की बरणी आडवी करत. दुसऱ्या दिवशी मूळ पुन्हा खाली वळलेलं असे. मग मला कुंपणावरून हाक मारून ते दाखवत. वहिनी म्हणायच्या, भांडी घासायला पाणी नाही अन् ह्यांचे हरभरे पाणी पिऊन राहिलेत.

विज्ञान प्रदर्शनाला नवे कलेक्टर येणार असं कळलं. सरांनी ऑफिसातल्या भिंतीवरच्या घड्याळाची काच काढली आणि मिनिटकाट्याला ओल्या कापसात हरभरा बांधला. सतत फिरत राहिलं की मुळाला खाली कुठं ते कळणार नाही, ते सरळच वाढेल, असं त्यांचं म्हणणं.

मूळ खरंच भांबावलं. घड्याळही भांबावलं. काटा उतरताना पळायचा, चढताना दमायचा. शिपाई त्याच्यावरच घंटा देई. त्या दिवशी शाळा इतकी उशिरा सुटली की गल्लीतला टँकर येऊन गेला. मुख्याध्यापकांच्या घागरी कोरड्या राहिल्या.

संध्याकाळी सर आपल्या घरची भरलेली घागर खांद्यावर घेऊन त्यांच्या दारात गेले. मुख्याध्यापकांनी घागर घेतली आणि काटा मोकळा करा म्हणाले.

"प्रदर्शनापर्यंत राहू द्या सर. मूळ लई नाजूक हाय."

पाणी आत गेलं होतं. मुख्याध्यापकांना नाही म्हणता आलं नाही.

प्रदर्शनात कलेक्टर घड्याळापाशी थांबले. बरणीतली मुळं पाहून म्हणाले, "पाण्याच्या शोधात जातात ना खाली?" मुख्याध्यापक मागून 'हो म्हणा' अशी मान हलवत होते.

"न्हाई साहेब," सर म्हणाले. "टोकात बारीक दाणे असतात. पोत्यात ज्वारी बसावी तसे तळाला बसतात. त्यावरून मुळाला खाली कळतं. खाली पाणी हाय का, ते त्याला ठाऊक न्हाई. तरी जातं."

कलेक्टर वाकून बरणीतलं मुळाचं टोक बघू लागले. पहिलं बक्षीस मात्र विहिरीच्या मॉडेलला मिळालं. त्या विहिरीतही पाणी नव्हतं. सरांनी जोरात टाळ्या वाजवल्या आणि विहीर उलटी करून बघितली.

पुढे सरांची बदली त्यांच्या गावाकडे, देगलूरला झाली. तिथंच ते वारल्याचं मला उशिरा कळलं. वहिनींना भेटायला गेलो तर दारात तेलाच्या डब्यात जास्वंद होती. खोड वीतभर आडवं गेलेलं, मग कोपरासारखं वळून ताठ उभं. सामान हलवताना ट्रकमध्ये डबा कलंडला होता, वहिनी सांगू लागल्या. रस्त्यातच तिनं मान वर केली, म्हणून सरांनी तो कुणालाच सरळ करू दिला नाही.

डबा अजून आडवाच होता. पाणी ठरत नव्हतं, म्हणून वहिनी वाटीनं थोडं थोडं घालत होत्या.