हात राखून कोंडा

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तीस वर्षं रांधलं-वाढलं, पण हात राखून वाढणं काकूंना कधी जमलंच नाही. कॅन्टीन बंद पडलं. नवरा कधीच गेलेला, मुलगी लांब. रिकामं बसून डोकं फिरायची पाळी आली, तेव्हा दिराच्या दुकानामागच्या खोलीत त्यांनी धिंगरी अळिंबी, म्हणजे मशरूम, लावायला घेतली.

बियाणं देणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "नुसत्या भाताच्या काडात नत्र कमी असतं. थोडा गव्हाचा कोंडा घाला, पीक वाढतं. पण थोडाच हं!"

आता थोडा म्हणजे किती, हे काकूंना कोण सांगणार? त्यांनी काडाच्या पिशव्यांत घातला ओंजळी भरभरून. चौथ्या दिवशी पिशव्या तापल्या आणि आठवड्याभरात हिरव्या बुरशीनं सगळ्याचा सत्यानाश केला. असा आंबूस वास सुटला की दुकानातली गिऱ्हाइकं नाकाला रुमाल लावून पळाली. दीर कावला. "वहिनी, आता आणखी एकच खेप, तीच शेवटची. पुढच्या महिन्यात या खोलीत माझा माल येणार."

कावला तर कावला! काकूंनी तराजू आणला. शंभर किलो कोरड्या काडाला चार किलो कोंडा, या मापानं मोजून घेतला. दोन्ही वाफवून, पूर्ण गार करून, मग बियाणं. मन म्हणे, घाल गं अजून मूठभर, बिचाऱ्या उपाशी राहतील. काकूंनी स्वतःच्याच हातावर चापट मारली. एक रांग बिनकोंड्याची ठेवली, म्हणजे खरंखोटं कळेल. पिशव्या एकमेकींना चिकटू दिल्या नाहीत, आणि रोज प्रत्येकीच्या अंगाला हात लावून ताप पाहिला.

ठरल्या दिवशी दीर हमालाला घेऊन दारात हजर, हातगाडीवर खोक्यांची चळत. ही खोली गेली, तर उद्या सकाळी उठायचं तरी कशासाठी? त्यांनी दार उघडलं.

बिनकोंड्याच्या रांगेत चार-दोन किरकोळ घड. कोंड्याच्या रांगेत मात्र पिशव्याच दिसेनात, इतके पांढरेशुभ्र घड लगडलेले.

दीर आ वासून बघत राहिला. मग हमालाला म्हणाला, "गाडी वळव. सध्या घरी टाकू माल." आणि काकूंकडे न बघताच, "वहिनी, हे काढायचं कसं?"

काकूंचे डोळे भरून आले, आवाज मात्र खणखणीत निघाला. "आधी हात धुऊन या, भाऊजी! आणि ओढू नका, बुडाशी धरून हलकेच पिरगाळा."

दीर बाह्या वर सारत हात धुवायला गेला.